सहरीआधीची झोप, सहरीनंतरची झोप

मालवणात पहाटे चारच्या सुमारास दोन प्रकारची माणसे जागी असतात. एक सहरीसाठी चूल पेटवणारी, दुसरी बंदरावर होडी लोटणारी. सध्या काही वर्षे रमजान माघ-फाल्गुनात, ऐन जत्रांच्या हंगामात येतो आहे. त्यामुळे आसपासच्या गावांत रात्रभर दशावतार पाहत बसलेला तिसरा जथाही असतो. सकाळी दुकानात, बँकेत, शाळेत हे तिघेही जांभया देतात. रोजेदाराला जांभई आली की मात्र शेजारी कळवळून म्हणतो, "उपास सोसत नाही वाटतं."

दोष उपासाचा की मोडलेल्या झोपेचा, हे मोजून पाहता येते. जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपल्या. पुढे शिकागोत यूजीन असेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावल्या आणि झोपेतही डोळे मधूनमधून झपाझप फिरतात, हे पाहिले. क्लाइटमन यांच्याबरोबर 1953 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ही स्वप्नांची झोप. आजही झोपेच्या तपासणीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचे स्नायू, श्वास आणि रक्तातला प्राणवायू रात्रभर नोंदवतात, आणि तंत्रज्ञ तीस-तीस सेकंदांचा एकेक तुकडा वाचतो. मनगटावरचे घड्याळ यातले थोडेच करते. ते हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधते; निपचित पडून छत न्याहाळणाऱ्यालाही ते कधी कधी झोपलेला ठरवते.

झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात, स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त. तरावीह आटोपून, गजाली मारून बारा वाजता आडवे व्हायचे आणि चारला उठायचे, म्हणजे कात्री लागते ती पहाटेच्या वाट्याला. कासाब्लांकात रशिदा रोकी आणि सहकाऱ्यांनी आठ निरोगी तरुणांची रमजानातली झोप तारा लावून तपासली. 2001 मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात झोप लागायला उशीर आणि गाढ व स्वप्नांची अशी दोन्ही प्रकारची झोप कमी झाल्याची नोंद आहे. रियाधमध्ये अहमद बाहम्माम यांच्या गटाने मात्र झोपेच्या वेळा आणि उजेड काटेकोर सांभाळून रोजेदारांना तपासले, तेव्हा दिवसाची पेंग वाढलेली दिसली नाही. शेजाऱ्याचा कळवळा खरा, निदान बहुधा चुकीचे.

इफ्तारनंतरच्या चहाचे काय? जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन साठत जाते आणि त्याने झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतले कॅफिन त्याची जागा अडवते; दाब तसाच राहतो, फक्त जाणवत नाही. तरावीहनंतरचा कडक चहा त्यामुळे सहरीआधीच्या चार तासांतलेही काही खातो.

खरी काळजी वेगळीच आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झरीर उदवाडिया यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला, त्यांतल्या 250 जणांची झोप घरीच यंत्र लावून मोजली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंग येणे, दोन्ही असलेले साडेसात टक्के निघाले. हे लोक स्वतःला धडधाकट समजत होते. घोरणे आपल्याकडे थट्टेचा विषय. पण दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबणे तासाला पाच किंवा अधिक वेळा होत असेल, तर ती सदोष झोप धरतात. अशा माणसाची झोप सहरीने मोडत नाही. ती आधीच रात्रभर मोडलेली असते, आणि रमजानात सगळे खापर रोजावर फुटते. असा माणूस महामार्गावर पहाटे रिक्षा किंवा मासळीचा टेम्पो हाकत असेल तर थट्टा तिथेच संपते.

हे पहिल्यांदा कळते ते बहुधा बायकोला. घोरणे अचानक थांबते, घरात शांतता होते, मग मोठ्ठा आचका. सहरीला उठवायला गेलेल्या घरच्यांनी हे पाहिले असेल तर डॉक्टरांना तेवढेच सांगावे: किती वेळ थांबते, किती वेळा. ज्यांना रात्री मुखवट्याचे यंत्र दिले आहे, त्यांनी ते सहरीनंतर पुन्हा आडवे होतानाही लावायचे असते. बहुतेक जण त्या वेळी ते उशाशीच ठेवून देतात.