एका सिद्धांताचें पितृत्व

ग्रंथाची नक्कल करणें ही मनुष्याची फार जुनी कला आहे. बोरूनें पोथी उतरून घेण्याच्या काळापासून छापखान्यापर्यंत, आणि छापखान्यापासून आजच्या संगणकापर्यंत, ही कला वाढतच आली. आतां तर एका लेखाच्या लक्षावधि प्रती क्षणांत निघतात आणि मूळ लेखास त्यामुळें किंचितही धक्का लागत नाहीं. अशा जगांत वावरणाऱ्या मनुष्यास, निसर्गांत एक गोष्ट अशी आहे कीं, जिची हुबेहूब नक्कल कोणत्याही यंत्रानें व कितीही द्रव्य खर्चून करतां येत नाहीं, असें सांगितलें तर तें सहसा पटणार नाहीं. तथापि आधुनिक भौतिकशास्त्रानें हें सिद्ध केलेलें आहे. या सिद्धांतास इंग्रजींत ‘नो-क्लोनिंग’ असें नांव पडलें आहे. मराठींत त्यास ‘अप्रतिकृति-सिद्धांत’ म्हणण्यास हरकत नाहीं. विशेष हें कीं, नकलेस बंदी करणारा हा सिद्धांत स्वतः मात्र निरनिराळ्या देशांतील विद्वानांच्या हातून, एकमेकांची नक्कल न करतां, वेगवेगळा निघाला. त्याचें पितृत्व कोणाकडे जातें हा प्रश्न त्या सिद्धांताइतकाच मनोरंजक आणि विचार करण्याजोगा आहे.

प्रथम सिद्धांत काय आहे तें पाहूं. प्रकाश हा अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो आणि त्या कणास फोटॉन म्हणतात. फोटॉनचें कंपन उभें असूं शकतें, आडवें असूं शकतें, किंवा या दोहोंमधील कोणत्याही कोनांत तिरपें असूं शकतें. परंतु हातीं आलेला एकटा फोटॉन कसा आहे हें नेमकें ओळखण्यास उपाय नाहीं. त्यास “उभा कीं आडवा?” एवढाच प्रश्न उपकरणाच्या द्वारें विचारतां येतो. तिरप्या कणास तो विचारला, तर तो कधीं ‘उभा’ तर कधीं ‘आडवा’ असें उत्तर देतो, आणि उत्तर देतांच त्याचा मूळचा तिरपेपणा कायमचा नाहींसा होतो. अर्थात्, त्या एका कणाच्या हजार नकला आधीं काढून घेतां आल्या असत्या, तर एकेका नकलेस निरनिराळा प्रश्न विचारून मूळ कणाचें सारें रहस्य उघड झालें असतें. ही युक्ति निसर्गानें बंद करून ठेविली आहे.

ती कशी बंद आहे हें समजण्यास शाळेंत शिकलेलें बीजगणित पुरे आहे. उभ्या कणास ‘अ’ व आडव्या कणास ‘ब’ म्हणावें. नक्कल करणाऱ्या यंत्रांत अ घातला तर अ च्या जागीं दोन अ निघाले पाहिजेत, म्हणजे अ². त्याचप्रमाणें ब घातला तर ब². आतां तिरपा कण हा उभ्या व आडव्या स्थितींचा एकसमयीं झालेला संयोग असतो. म्हणून त्यास अ + ब असें लिहूं. क्वांटम शास्त्राचा मूलभूत नियम असा आहे कीं, संयोगावर होणारा परिणाम हा त्याच्या घटकांवर वेगवेगळ्या होणाऱ्या परिणामांची बेरीज असतो. तेव्हां यंत्रांतून अ² + ब² बाहेर पडेल. परंतु तिरप्या कणाच्या दोन खऱ्या प्रती म्हणजे (अ + ब)², आणि त्याचा विस्तार अ² + २अब + ब² होतो हें इंग्रजी शाळेंतला मुलगाही जाणतो. मधलें २अब, म्हणजे ‘एक उभा व दुसरा आडवा’ हीं दोन पदें, यंत्र कोठून आणणार? तीं येत नाहींत, म्हणून नक्कल होत नाहीं. सिद्धांताचें सार एवढेंच आहे.

इतकी सोपी गोष्ट विद्वानांच्या लक्षांत आली ती मात्र एका चुकीमुळें. अमेरिकेंत बर्कले येथें इ. स. १९७५ मध्यें कांहीं तरुण भौतिकशास्त्रज्ञांनीं एक चर्चामंडळ काढलें होतें. त्या मंडळांतील निक हर्बर्ट यांनीं १९८१ मध्यें ‘फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स’ या नियतकालिकाकडे एक लेख धाडला. परस्परांशीं गुंतलेल्या दोन फोटॉनांपैकीं एक येथें व दुसरा दूर देशीं ठेवला, आणि येथील फोटॉनास विशिष्ट प्रश्न विचारला, तर दूरच्या फोटॉनाची स्थिति तत्क्षणींच त्या प्रश्नास अनुरूप अशी ठरते. दूरच्या मनुष्यानें आपल्या फोटॉनाच्या लेसरच्या साह्यानें पुष्कळ प्रती काढल्या, तर येथें कोणता प्रश्न विचारला हें त्यास कळेल, आणि प्रकाशाहूनही वेगानें संदेश पोंचेल, अशी हर्बर्ट यांची कल्पना होती. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादास ती सरळ छेद देणारी होती. चूक कोठें तरी असलीच पाहिजे, पण ती नेमकी कोठें आहे हें दाखविणें सोपें नव्हतें.

तो लेख दोन परीक्षकांकडे गेला. एक इस्रायलमधील हैफा येथील ॲशर पेरेझ, व दुसरे इटलींतील ट्रिएस्ट येथील जानकार्लो गिरार्दी. पेरेझ यांस लेख चुकीचा आहे हें कळत होतें. तरीही चूक शोधतां शोधतां शास्त्राची प्रगति होईल या भरंवशावर त्यांनीं तो छापावा अशी शिफारस केली. गिरार्दी यांनीं लेख नाकारावा असें कळविलें, आणि कारण म्हणून जें विवेचन आपल्या अभिप्रायांत लिहिलें, तें अप्रतिकृति-सिद्धांताचेंच एक रूप होतें! परंतु परीक्षकाचा अभिप्राय निनांवी असतो व तो संपादकाच्या दप्तरांत पडून राहतो. जगास तो दिसला नाहीं.

हर्बर्ट यांचा लेख १९८२ च्या अखेरीस छापला गेला. पण त्याच्या प्रती त्यापूर्वींच अभ्यासकांत फिरूं लागल्या होत्या. त्या वाचून अमेरिकेंतील विल्यम वूटर्स व वोइचेक झुरेक यांनीं, आणि हॉलंडमधील डेनिस डीक्स यांनीं स्वतंत्रपणें, चुकीचें मूळ शोधून काढलें. पहिल्या दोघांचा लेख ऑक्टोबर १९८२ मध्यें ‘नेचर’ मध्यें आला, डीक्स यांचा त्याच वर्षीं ‘फिजिक्स लेटर्स’ मध्यें. ‘नेचर’मधील लेखाचा चटकदार मथळासुद्धां त्याच्या लेखकांचा नव्हे, तो जॉन व्हीलर यांनीं सुचविला, असें पेरेझ यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. गिरार्दी यांनीं आपलें विवेचन वेबर यांच्यासह १९८३ मध्यें प्रसिद्ध केलें, पण तोंपर्यंत सिद्धांत दुसऱ्यांच्या नांवानें रूढ झाला होता.

गोष्ट येथेंच संपत नाहीं. जेम्स पार्क या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या एका लेखांत याच सिद्धांताची सिद्धता स्पष्टपणें आलेली आहे, हें २०१८ मध्यें एका अभ्यासकानें दाखवून दिलें. पार्क यांचा लेख ज्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडांत आला होता, त्याच नियतकालिकाकडे अकरा वर्षांनीं हर्बर्ट यांचा लेख आला. उत्तर घरांत होतें; परंतु प्रश्नच कोणी विचारला नव्हता, म्हणून तें कोणास आठवलें नाहीं.

मग या सिद्धांताचा कर्ता कोण? प्रथम लिहिणारा तो कर्ता म्हणावा, तर मान पार्क यांचा. पण पार्क यांच्या हातीं तो दुसऱ्याच एका विवेचनाच्या ओघांत आला होता, आणि त्यापासून पुढें कांहीं घडलें नाहीं. ज्यानें मर्म ओळखून जगापुढें मांडलें तो कर्ता म्हणावा, तर वूटर्स, झुरेक व डीक्स यांचा अधिकार मोठा ठरतो. गिरार्दी यांनीं तेंच कार्य आधीं केलें, पण परीक्षकाचें कर्तव्य म्हणून केलें. आणि हर्बर्ट यांची धाडसी चूक नसती, तर यांपैकीं बहुतेकांनीं लेखणी उचलली नसती. पोथीवर एकच नांव लिहिण्याची आपणांस संवय आहे. पण शास्त्रीय विचार पुष्कळदां एका डोक्यांत जन्मतच नाहीं. तो प्रश्न, चूक, परीक्षण आणि उत्तर यांच्या घर्षणांतून निघतो.

म्हणून नांवांचा हिशोब व्यर्थ आहे असें मात्र नव्हे. स्टीफन वीझनर यांची हकीकत या बाबतींत ध्यानांत घेण्याजोगी आहे. कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतां, १९७० च्या सुमारास, त्यांनीं अशी एक चलनी नोट कल्पिली कीं, जींत फोटॉन कोंडून ठेवलेले असावेत, त्यांच्या दिशा फक्त पेढीस माहीत असाव्यात, आणि नक्कल अशक्य असल्यामुळें खोटी नोट करणाऱ्याचा हात तेथें पोंचूं नये. नियतकालिकानें तो लेख नाकारला आणि तो १९८३ पर्यंत अप्रसिद्ध राहिला. वीझनर पुढें इस्रायलमध्यें राहिले, तेथें बांधकामावर मजुरी केली, आणि २०२१ मध्यें वारले. त्यांचें नांव टिकलें तें त्यांचे महाविद्यालयीन मित्र चार्ल्स बेनेट यांच्यामुळें. बेनेट यांनीं ती कल्पना स्मरणांत ठेविली व १९७९ मध्यें कॅनडांतील जील ब्रासार यांस सांगितली. त्या दोघांनीं तीवरून गुप्त किल्ली पाठविण्याची एक पद्धति बसविली. वाटेंत कोणी फोटॉन चोरून वाचूं लागला, तर त्यास नक्कल ठेवतां येत नाहीं, आणि वाचल्याची खूण मागें राहते. ही पद्धति त्यांनीं डिसेंबर १९८४ मध्यें आपल्या देशांत, बंगलोर येथें भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेंत मांडली. आणि मूळ कल्पना वीझनर यांची, हें त्याच निबंधांत नमूद केलें. तेव्हां तिचें प्रत्यक्ष यंत्रही नव्हतें. पहिला प्रयोग १९८९ मध्यें सुमारें एक फूट अंतरावर झाला.

हाच प्रांजळपणा या विद्येच्या इतिहासांत पुढेंही दिसतो. एका कणाची स्थिति दूरच्या कणावर पोंचविण्याची युक्ति १९९३ मध्यें प्रसिद्ध झाली, तिच्यावर बेनेट, ब्रासार, क्रेपो, जोझा, पेरेझ व वूटर्स अशीं सहा नांवें वर्णानुक्रमानें आहेत. त्या युक्तींत मूळची स्थिति नष्ट होते, तेव्हांच ती दुसरीकडे प्रकट होते; नकलेची बंदी तेथेंही मोडत नाहीं. आणि १९९५ मध्यें बेंजामिन शूमाखर यांनीं ‘क्यूबिट’ हा शब्द प्रचारांत आणला, तेव्हां तो वूटर्स यांच्याशीं बोलतां बोलतां थट्टेनें सुचला होता, हें सांगण्यास ते विसरले नाहींत.

फोटॉनाच्या स्थितीचें रक्षण निसर्गाचा नियम करतो. तिची चोरी झाली तर खूण आपोआप उरते. विचारास असें कवच नाहीं. तो एका मुखांतून दुसऱ्या मुखांत जातो, त्याच्या प्रती अगणित निघतात, आणि मूळ कोणाचें याची खूण कोठेंच राहत नाहीं. ती खूण राखणें हें पुढें लिहिणाऱ्याच्या हातीं असतें. आपल्याकडे ज्यास ऋषिऋण म्हणतात तें केवळ अध्ययनानें फिटत नाहीं; ज्याच्याकडून घेतलें त्याचें नांव पुढच्या पिढीस सांगितलें, म्हणजेच तें पुरतें फिटतें.