संवादचौकट : प्रश्न, पर्याय आणि शब्दयोजना

संगणकावर काम करताना पडद्यावर मध्येच एक छोटी चौकट उघडते आणि काही विचारते. तिला संवादचौकट म्हणतात. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकाने चित्ररूप पडद्याबरोबर ही चौकटही सामान्य वापरकर्त्याच्या परिचयाची केली. तिचे दोन प्रकार आहेत. पहिली चौकट उत्तर मिळेपर्यंत मूळ खिडकीतील काम अडवून धरते. दुसरी उघडी असतानाही मूळ काम चालू ठेवता येते. ज्या निर्णयावाचून पुढे जाणे धोक्याचे आहे, तेथेच पहिला प्रकार योजावा. ऊठसूट अडवणाऱ्या चौकटी लोक न वाचताच बंद करू लागतात.

प्रश्न कसा विचारावा, हा मात्र भाषेच्या अभ्यासकाचा प्रांत आहे. समजा, दौंड जंक्शनजवळील एका तिकीट-दुकानासाठी आपण आज्ञावली लिहीत आहात. एका प्रवाशाला सोलापूरचे तिकीट नको आहे. चौकट विचारते, ‘तिकीट रद्द करायचे का?’ खाली दोन बटणे आहेत : ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. दुकानदार साहजिकच ‘रद्द करा’ दाबतो. परंतु त्या बटणाचा अर्थ ‘हा प्रश्नच मागे घ्या’ असा योजलेला आहे. तिकीट तसेच राहते, गाडी निघून जाते आणि प्रवाशाचे पैसे बुडतात. येथे दोष दुकानदाराचा नाही, शब्दयोजनेचा आहे. ‘तिकीट रद्द करा’ आणि ‘तिकीट राहू द्या’ अशी क्रियापदयुक्त बटणे दिली असती, तर संदिग्धता उरली नसती.

दुसरी अडचण लिंगाची. शिरूरच्या एखाद्या आडत दुकानासाठी ‘… नोंदवला’ असा साचा केला, तर ‘कांदा नोंदवला’ हे वाक्य शुद्ध ठरते. पण ‘ज्वारी नोंदवला’, ‘सोयाबीन नोंदवला’ ही वाक्ये कानाला खटकतात. ‘मालाची नोंद झाली : ज्वारी’ अशी रचना केल्यास क्रियापद ‘नोंद’ या शब्दाशी जुळते आणि मालाचे नाव कोणत्याही लिंगाचे असले तरी चालते.

तिसरी बाब उत्तराची. दुकानदार दिवसभराच्या पट्ट्या भरून आज्ञावली बंद करू लागतो, तेव्हा ‘बदल जतन करायचे का?’ या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात : जतन करून बाहेर पडणे, जतन न करता बाहेर पडणे आणि बाहेर न पडता कामाकडे परतणे. पायथॉन भाषेतील टीकेइंटर या संचात अशी चौकट अनुक्रमे ‘सत्य’, ‘असत्य’ आणि ‘काहीच नाही’ ही मूल्ये परत करते. नवशिका आज्ञावलीकार केवळ ‘सत्य’ तपासतो आणि उरलेली दोन मूल्ये एकच मानतो. मग कामाकडे परतू पाहणाऱ्याच्याही नोंदी पुसल्या जातात. म्हणून तिन्ही उत्तरांची वाट स्वतंत्रपणे लिहावी.

स्वयंअध्ययन प्रश्न : आपल्या भ्रमणध्वनीवरील कोणतीही एक मराठी संवादचौकट पाहा. तिची बटणे प्रश्न न वाचता समजतात का? न समजल्यास ती नव्याने लिहा.