सहज कुतूहल : स्नेअरच्या जागी झांज

संगणकावर बसवलेला ठेका दुसऱ्या ड्रमकिटवर वाजवला, की कधीकधी स्नेअर ड्रमऐवजी भलतीच झांज खणखणते. बिघाड काही नसतो. असा ठेका ज्या मिडी फाइलमध्ये साठवतात, तिच्यात आवाज नसतोच. असतो नुसता क्रमांक, आणि फटका कधी नि किती जोरात ते. चाळीतलं पत्र खोली क्रमांकावर जातं, भाडेकरू बदलला तर पत्राचा काय दोष?

१९९१च्या ‘जनरल मिडी’ संकेतात ३६ला बेस ड्रम, ३८ला स्नेअर, ४२ला बंद हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. पण अर्धवट उघडी हाय-हॅट? तिला तिथे खोलीच नाही! म्हणून किट बनवणारे आपापले क्रमांक देतात. मग मध्ये तक्ता बसवायचा : हा क्रमांक आला, की त्याऐवजी तो पुढे पाठव. स्नेअर चटकन जुळते. हाय-हॅट मात्र छळते. तिथे एकेक फटका कानानेच पारखावा लागतो.