मातीपासून गादीपर्यंत : ऑलिम्पिकमधील द्वंद्वक्रीडा आणि भारत

स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक एका मल्लाने मिळवून दिले. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथील खाशाबा दादासाहेब जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो वजनगटात कांस्यपदक पटकावले. कुस्तीतील दुसऱ्या पदकासाठी मात्र देशाला २००८ सालापर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या ५६ वर्षांत देशात मल्लांची, तालमींची किंवा कुस्तीच्या फडांना गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांची वानवा नव्हती. तरीही पदक आले नाही. या प्रदीर्घ खंडाची कारणे शोधू लागल्यास द्वंद्वक्रीडांविषयीचे एक महत्त्वाचे तत्त्व हाती लागते. खेळाडूचे बळ आणि परंपरेचा वारसा यांना पदकाचे रूप येण्यासाठी नियम, साधने, प्रशिक्षण आणि अर्थसाहाय्य यांची व्यवस्था खेळाडूपर्यंत वेळेवर पोहोचावी लागते.

पदकांचा लेखाजोखा

कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो, तायक्वांदो आणि तलवारबाजी हे ऑलिम्पिकमधील प्रमुख द्वंद्वक्रीडा प्रकार होत. पॅरिस २०२४ पर्यंत भारताच्या नावे नोंदलेल्या ४१ ऑलिम्पिक पदकांपैकी ११ पदके या क्रीडाप्रकारांतील आहेत. त्यांत कुस्तीची ८ व मुष्टियुद्धाची ३ पदके आहेत. हॉकीच्या १३ पदकांखालोखाल सर्वाधिक पदके कुस्तीचीच आहेत. जाधव यांचे पदक वगळता उर्वरित दहाही पदके २००८ ते २०२४ या काळातील पाच ऑलिम्पिक स्पर्धांत मिळाली, हे विशेष उल्लेखनीय आहे.

कुस्तीत सुशीलकुमार (२००८ कांस्य, २०१२ रौप्य), योगेश्वर दत्त (२०१२ कांस्य), साक्षी मलिक (२०१६ कांस्य), रविकुमार दहिया (टोकियो २०२०, रौप्य), बजरंग पुनिया (टोकियो २०२०, कांस्य) आणि अमन सेहरावत (२०२४ कांस्य) यांनी पदके मिळवली. मुष्टियुद्धात विजेंदरसिंग (२००८), मेरी कोम (२०१२) आणि लवलिना बोर्गोहाइन (टोकियो २०२०) यांनी कांस्यपदके पटकावली. टोकियोची स्पर्धा महासाथीमुळे प्रत्यक्षात २०२१ साली पार पडली. या क्रीडाप्रकारांत भारताला अद्याप सुवर्णपदक मिळालेले नाही.

माती आणि गादी

भारतातील पारंपरिक कुस्ती मातीवर खेळली जाते. तेथे प्रतिस्पर्ध्याला चीतपट करणे हेच विजयाचे मुख्य गमक असते. दम, पकड आणि संयम यांना त्यात मोठे मोल असते. ऑलिम्पिक कुस्ती गादीवर, म्हणजेच मॅटवर होते. सध्याच्या नियमांनुसार ती तीन-तीन मिनिटांच्या दोन सत्रांत खेळली जाते. चीतपट केल्यास लढत तात्काळ संपते, परंतु बहुतेक निकाल गुणांवर ठरतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्यावर ताबा मिळवल्यास २ गुण, वर्तुळाबाहेर ढकलल्यास १ गुण आणि मोठ्या उंचीवरून फेकल्यास ४ किंवा ५ गुण मिळतात. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी मिळताच लढत थांबवली जाते. साहजिकच येथे वेग, पायांवरील अचूक चढाई आणि गुणांचा सतत हिशेब यांना अधिक महत्त्व येते.

जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये उतरले, तेव्हा मातीवर घडलेल्या या मल्लाला गादीचा सराव नव्हता. तरीही त्यांनी सहावे स्थान मिळवले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना गावोगावी मदत मागावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून त्यांच्यासाठी ७,००० रुपये उभे केले. जाधव यांचे निधन १९८४ साली झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. एका खेळाडूचे पदक प्राचार्यांच्या घरावर अवलंबून राहावे, यातच पुढील खंडाचे कारण दडलेले आहे. व्यक्तीचे औदार्य एका खेळाडूला तारू शकते, पण त्यातून खेळाडूंची परंपरा उभी राहत नाही.

केंद्रे घडली, पदके आली

२००८ नंतरच्या यशाचा नकाशा पाहिला तर तो काही मोजक्या केंद्रांभोवती एकवटलेला दिसतो. दिल्लीचे छत्रसाल स्टेडियम हे त्यांपैकी एक होय. सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, बजरंग पुनिया, रविकुमार दहिया आणि अमन सेहरावत हे सर्व तेथे घडले. आखाड्याची शिस्त आणि गादीवरील सराव यांचा मेळ तेथे घातला गेला. जाधव, दहिया आणि सेहरावत या तिघांचीही पदके ५७ किलो वजनगटातील आहेत. मात्र पहिल्या दोघांच्या पदकांमध्ये सुमारे सात दशकांचे, तर नंतरच्या दोघांमध्ये केवळ एका ऑलिम्पिकचे अंतर आहे.

मुष्टियुद्धात हरियाणातील भिवानीने हीच भूमिका बजावली. २००८ साली बीजिंग येथे विजेंदरसिंग, अखिलकुमार आणि जितेंदरकुमार हे भिवानीचे तीन मुष्टियोद्धे उपउपांत्य फेरीत पोहोचले होते. ईशान्य भारतात मणिपूरच्या डिंको सिंग यांनी १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्यातून प्रेरणा घेतलेल्यांत त्याच राज्याच्या मेरी कोम होत्या. आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातील लवलिना बोर्गोहाइन यांनी प्रारंभी मुए थाई हा क्रीडाप्रकार खेळला. पुढे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या प्रशिक्षणातून त्या मुष्टियुद्धात आल्या.

स्पर्धेची रचनाही समजून घेणे आवश्यक आहे. मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत पराभूत होणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक दिले जाते. कुस्तीत अंतिम फेरी गाठणाऱ्या मल्लाकडून पूर्वी पराभूत झालेल्यांना रेपेचाज पद्धतीने पुन्हा संधी मिळते आणि प्रत्येक गटात दोन कांस्यपदके असतात. सुशीलकुमार (२००८), योगेश्वर दत्त व साक्षी मलिक यांची कांस्यपदके याच मार्गाने आली.

वजनगटाचे गणित

द्वंद्वक्रीडेत समबल प्रतिस्पर्धी समोरासमोर यावेत म्हणून वजनगट ठरवलेले असतात. तथापि जागतिक स्पर्धेतील सर्वच वजनगट ऑलिम्पिकमध्ये नसतात. कुस्तीच्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक प्रकारात १० वजनगट असतात, तर पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते ६ होते. परिणामी अनेक खेळाडूंना आपले नैसर्गिक वजन वाढवावे किंवा घटवावे लागते.

महिला मुष्टियुद्धाचा ऑलिम्पिकमध्ये समावेश २०१२ साली झाला, तेव्हा त्यात केवळ ५१, ६० आणि ७५ किलो हे तीनच गट होते. त्यापूर्वी पाच वेळा विश्वविजेत्या ठरलेल्या मेरी कोम यांची विजेतेपदे ४८ किलो व त्याखालील गटांतील होती. लंडनमध्ये त्यांना ५१ किलो गटात आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले. लवलिना यांनी टोकियोत ६९ किलो गटात पदक मिळवले. पॅरिसमध्ये तो गटच नसल्याने त्या ७५ किलो गटात उतरल्या आणि उपउपांत्य फेरीत पराभूत झाल्या.

या गणिताची सर्वांत कठोर प्रचीती विनेश फोगाट यांच्या बाबतीत आली. ऑलिम्पिकचा प्रवेश, म्हणजे कोटा, खेळाडूच्या नव्हे तर देशाच्या नावे असतो आणि प्रत्येक वजनगटात देशाला एकच कोटा मिळतो. विनेश यांच्या ५३ किलो गटात अंतिम पंघाल यांनी २०२३ सालीच भारतासाठी कोटा मिळवला होता. विनेश यांनी ५० किलो गटातून पात्रता मिळवली आणि पॅरिसमध्ये एकाच दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. २०१८ पासूनच्या नियमांनुसार स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतले जाते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी दुसऱ्या दिवशीच्या वजनात त्या १०० ग्रॅमने अधिक भरल्या आणि त्यांना अपात्र ठरवण्यात आले. संयुक्त रौप्यपदकाची त्यांची मागणी क्रीडा लवादाने १४ ऑगस्ट रोजी फेटाळली. आहारतज्ज्ञ, वैद्यक आणि प्रशिक्षक यांचे कार्य मल्लाच्या डावपेचांइतकेच निर्णायक कसे ठरते, हे या घटनेने स्पष्ट केले.

तलवारबाजी : परंपरेविना प्रारंभ

कुस्तीला गावोगावच्या तालमींचा आधार होता. तलवारबाजीला तसा कोणताही आधार नव्हता. १८९६ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या या खेळात फॉइल, एपे आणि सेबर हे तीन प्रकार असून त्यांत वजनगट नाहीत. सेबर प्रकारात तलवारीचे टोक आणि धार दोहोंनी वार करता येतो. कंबरेवरील शरीर, डोके व हात हे ग्राह्य लक्ष्य असते. वारांची नोंद विद्युत यंत्रणेने होते. दोघांचे वार एकाच वेळी बसल्यास चढाईचा हक्क कोणाचा, हे पंच ठरवतात. वैयक्तिक बाद लढतीत प्रथम १५ गुण मिळवणारा विजयी होतो.

चेन्नईच्या भवानी देवी यांनी शालेय वयात २००४ साली या खेळाचा आरंभ केला. साधने महाग असल्याने प्रारंभीचा सराव बांबूच्या काठ्यांनी होत असे. पुढे केरळमधील तलश्शेरी येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात आणि नंतर इटलीत त्यांनी प्रशिक्षण घेतले. ऑलिम्पिकला पात्र ठरलेल्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज होत. टोकियोत पहिली लढत १५-३ अशी जिंकल्यावर दुसऱ्या लढतीत त्या ७-१५ अशा पराभूत झाल्या. २०२३ साली त्यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेतील भारताचे ते पहिलेच पदक होते. मोजकी केंद्रे आणि सातत्यपूर्ण परदेशी सराव यांच्या बळावर, परंपरा नसलेल्या खेळातही वाट तयार होते, हे त्यांच्या वाटचालीवरून दिसते.

साहाय्य आणि प्रशासन

खेळाडूला पदकापूर्वी साहाय्य मिळावे, हा विचार अलीकडच्या योजनांच्या मुळाशी आहे. १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था आणि १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले. २०१४ साली सुरू झालेल्या टार्गेट ऑलिम्पिक पोडियम योजनेत, म्हणजेच टॉप्समध्ये, निवडक खेळाडूंना परदेशी प्रशिक्षण, साधने व वैद्यकीय साहाय्य यांखेरीज दरमहा ५०,००० रुपये भत्ता देण्याची तरतूद करण्यात आली. खेलो इंडिया कार्यक्रमात होतकरू खेळाडूंना आठ वर्षांपर्यंत वार्षिक ५ लाख रुपयांच्या साहाय्याची योजना आखण्यात आली.

मात्र निधी आला तरी संघटना सुदृढ नसतील तर नुकसान खेळाडूंचेच होते. निवडणुका वेळेत न झाल्याने जागतिक कुस्ती महासंघाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केले. त्यामुळे त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मल्लांना तिरंग्याविना, तटस्थ खेळाडू म्हणून उतरावे लागले. अंतिम पंघाल यांनी कोटा मिळवला तो याच स्पर्धेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे निलंबन उठले. मुष्टियुद्धाचे ऑलिम्पिकमधील स्थानही जागतिक संघटनेच्या कारभारामुळे अनिश्चित बनले होते. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने लॉस एंजेलिस २०२८ साठी त्याचा समावेश निश्चित केला. देशांतर्गत पातळीवर २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ व राष्ट्रीय क्रीडा लवादाची तरतूद केली आहे.

खाशाबा जाधव यांच्या काळी गादी, प्रवासखर्च आणि प्रशिक्षण या तिन्हींचा अभाव होता. आज त्यांची सोय काही केंद्रांत झाली आहे. तथापि ती हरियाणा, दिल्ली, ईशान्य भारत आणि अन्य मोजक्या ठिकाणी एकवटलेली आहे. जिल्हा पातळीवरील तालमीत गादी, वजनाचे शास्त्र जाणणारा आहारतज्ज्ञ आणि खेळाडूची तक्रार वेळेत ऐकणारी संघटना पोहोचली, तर अकरा पदकांच्या या यादीत आजवर न आलेल्या सुवर्णपदकाची अपेक्षा बाळगणे वाजवी ठरेल.