यजमान-पाहुणा रेणू: मास स्पेक्ट्रोमीटर काय सांगतो, काय नाही

वरूड-मोर्शीकडचा संत्रा सोलून खाल्ला तर गोड. त्याचाच रस काढून काही तास ठेवला किंवा तापवला, की कडवट लागतो. रस बिघडला, प्रिझर्व्हेटिव्ह जास्त पडलं, असं सर्रास बोललं जातं. पण कारण फळातच असतं. संत्र्याच्या पेशींत लिमोनिनचं एक पूर्वरूप असतं, ज्याला कडू चव नसते. रस काढताना पेशी फुटतात, ते आम्लात मिसळतं आणि हळूहळू कडू लिमोनिन तयार होतं. रस-उद्योगाची ही जुनी डोकेदुखी आहे.

त्यावरचा एक उपाय १९८०च्या दशकात अमेरिकेत तपासला गेला: बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या बहुवारिकातून रस जाऊ द्यायचा, म्हणजे लिमोनिन त्यात अडकतं. सायक्लोडेक्स्ट्रिन हे नाव ऐकून घातक रसायन डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात ते स्टार्चवर विकराची क्रिया करून बनवतात. ग्लुकोजचे सात घटक कड्यासारखे जोडलेले, आकार तळ नसलेल्या बादलीसारखा. बाहेरून पाण्याशी जुळणारं, आतून पाण्याला फारसं न मानणारं. आत शिरणारा रेणू पाहुणा, कडं यजमान. अशा रेणूंच्या रसायनशास्त्रासाठी पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना १९८७चं नोबेल मिळालं.

ही जोडी खरंच जमली का, हे पाहायला मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात, आणि गैरसमजांची मोठी रांग इथूनच लागते.

पहिला समज असा की यंत्रात जाताच इतकी नाजूक जोडी तुटणारच. जुन्या, रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करणाऱ्या पद्धतीत ती तुटायचीच. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये मात्र द्रावणाचे विद्युतभारित थेंब हळूहळू आटत जातात आणि जोडी बऱ्याचदा शाबूत राहते. या पद्धतीसाठी जॉन फेन यांना २००२च्या नोबेलचा वाटा मिळाला.

दुसरा समज जास्त महागात पडतो: वर्णपटात जोडीचं शिखर दिसलं, म्हणजे पाहुणा पोकळीत बसला. वस्तुमानाचे आकडे बघा. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन ११३४.३७, लिमोनिन ४७०.१९, सोडियम आयन २२.९९, बेरीज १६२७.५५. शिखर तिथं आलं तर दोघं एकत्र आहेत, एवढंच कळतं. लिमोनिन पूर्ण आत आहे, त्याचा एक कोपराच आत आहे, की ते बाहेरच चिकटलं आहे, याबद्दल वस्तुमान अवाक्षर काढत नाही. थेंब आटताना रेणूंची दाटी होते आणि द्रावणात एकमेकांना न ओळखणारे रेणूही चिकटून बसतात. अशा फसव्या शिखरांचा इशारा कनिफ आणि व्होरोस या संशोधकांनी १९९५ सालीच दिला होता. तरीही नुसत्या शिखरावरून 'संकुल सिद्ध झालं' असं लिहिण्याची घाई होतेच, आणि मला ती या विषयातली सगळ्यात मोठी चूक वाटते. खातरजमेचा एक साधा मार्ग आहे: माल्टोहेप्टाओज. ग्लुकोजचे तेच सात घटक, पण सरळ साखळीत, पोकळीच नाही. लिमोनिन त्यालाही तितकंच चिकटलं, तर शिखर १६४५.५६ला येईल आणि पोकळीचा दावा डळमळेल. पाहुणा नेमका कुठं आहे, हे विचारायला एनएमआरसारख्या दुसऱ्या तंत्राकडे जावं लागतं.

यंत्र वस्तुमान थेट मोजतं, हाही समज अर्धाच खरा. ते वस्तुमान भागिले विद्युतभार मोजतं. दोन यजमान, दोन पाहुणे आणि दोन सोडियम एकत्र आले तरी शिखर १६२७.५५लाच पडेल! समस्थानिकांच्या शिखरांतलं अंतर बघावं: एक असेल तर साधी जोडी, अर्धं असेल तर दुहेरी.

शिखर उंच म्हणजे बंध घट्ट, असंही धरून चालू नये. कुठला आयन किती सहज तयार होतो, यावरही उंची ठरते. शिवाय यंत्राच्या निर्वात पोकळीत पाणीच नाही, आणि लिमोनिनसारख्या पाहुण्याला कड्यात ढकलण्यात मोठा वाटा पाण्याचा. ते गेलं की विद्युत आकर्षण वरचढ ठरतं. यंत्रात वायूशी होणारी टक्कर वाढवत जोडी कधी तुटते हे मोजलं, तर कळतो तो निर्वातातला टिकाऊपणा. रसाच्या ग्लासातला नव्हे.

असली यंत्रं मुंबई-पुण्याकडची, मग अमरावतीच्या विद्यापीठात किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात हा विषय कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट: मुंबईच्या आयआयटीतल्या सैफ या केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुने तपासून मिळतात, आणि इलेक्ट्रोस्प्रेला नमुना अगदी थोडा लागतो. फक्त फॉस्फेट बफर टाळावं, त्याचे क्षार संकेत दाबतात; अमोनियम ॲसिटेट चालतं. लिमोनिन आणि सायक्लोडेक्स्ट्रिनच्या मिश्रणाच्या कुपीसोबत लिमोनिन आणि माल्टोहेप्टाओजच्या मिश्रणाची कुपी जरूर पाठवावी, आणि दोन्ही द्रावणं विरळ करूनही एकदा तपासून घ्यावीत. विरळ केल्यावर जे शिखर जोडीच्या अपेक्षित प्रमाणापेक्षा झपाट्यानं गळतं, त्यावर भरवसा ठेवू नये.