लढाऊ वैमानिकाचा मालवाहतुकीचा धंदा

पेडणे तालुक्यातील मोपा येथून 2023 च्या जानेवारीत उड्डाणे सुरू झाली आणि पेडणे-डिचोलीच्या व्यापाऱ्यास विमान हाकेच्या अंतरावर आले. अशा वेळी रॉबर्ट प्रेस्कॉट या अमेरिकन गृहस्थांचे चरित्र ध्यानी घेण्याजोगे आहे.

टेक्सासमध्ये 1913 साली जन्मलेले प्रेस्कॉट कायद्याचा अभ्यास सोडून वैमानिक झाले. 1941 साली शेनॉल्ट यांच्या स्वयंसेवक पथकात शिरून ते ब्रह्मदेश व चीनच्या आकाशात जपानी विमानांशी झुंजले. 1942 च्या जुलैत पथक विसर्जित झाले. त्यानंतर त्यांनी आसामातून, हिमालयाच्या पूर्व टोकावरून, चीनला रसद पोचविली. त्यांच्यातील व्यापारी घडला तो झुंजीत नव्हे, या ओझ्याच्या फेऱ्यांत, असे आम्हांस वाटते.

1945 च्या जूनमध्ये त्यांनी जुन्या सोबत्यांची पुंजी एकत्र केली. कॅलिफोर्नियातील तेलव्यवसायी सॅम्युअल मोशर यांनी तितकीच भर घातली. सरकारने विक्रीस काढलेली 14 विमाने घेऊन द्राक्षे, फुले असा नाशवंत माल नेण्यास आरंभ झाला. परंतु भरून गेलेले विमान रिकामे परतले, तर इंधनाचा खर्च कोणी सोसावा? हा प्रश्न आपल्या बैलगाडीवाल्यासही चुकलेला नव्हता! शिवाय नियमित मार्गाचा परवाना मिळण्यास 1949 साल उजाडले. तोवर मिळेल त्या मालावर आणि सैन्याच्या कंत्राटावर दिवस काढावे लागले.

प्रेस्कॉट 1978 साली वारले. त्यांची ‘फ्लाइंग टायगर लाइन’ 1989 मध्ये फेडरल एक्सप्रेसमध्ये विलीन झाली.