शितावरून भात : विद्यापीठाची पाच दिवसांची ओळख आणि इंग्रजीची भीती

समोर दहावीची परीक्षा दिलेली बरीच मुलं दिसतायत, त्यांचे आईबाबा आहेत, आणि मागे काही आजी-आजोबाही बसलेत. चांगलं आहे, कारण आजचा विषय सगळ्या घराचा आहे. सुट्टीत काही विद्यापीठं आणि संशोधन संस्था शाळकरी मुलांसाठी छोटे वर्ग घेतात. चार दिवस, पाच दिवस, फार तर दोन आठवडे. इंग्रजीत त्याला ‘टेस्टर कोर्स’ म्हणतात, म्हणजे चव घेण्यापुरता अभ्यासक्रम. पुष्कळदा त्याला इंग्रजीचा वर्गही जोडलेला असतो. त्यातून मुलाला नक्की काय मिळतं, काय मिळत नाही, आणि बदलापुरात राहणाऱ्या मुलानं त्याचा विचार कसा करावा, एवढंच आज बोलायचं आहे.

हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा का? दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो. अकरावीचे वर्ग नीट सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. या चार महिन्यांत मूल एका जगातून दुसऱ्या जगात जातं. काल ते मराठी शाळेत होतं, सेमी-इंग्रजी असलं तर गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत आणि समजावणं मराठीत. उद्या विज्ञान शाखेत पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचं इंग्रजी, उत्तरपत्रिकाही इंग्रजी. उल्हासनगरच्या मुलाच्या घरी सिंधी असेल, अंबरनाथला कुणाकडे हिंदी असेल, अडचण तीच. वर्गात पहिल्या बाकावर हात वर करणारं मूल कॉलेजात मागच्या बाकावर जाऊन गप्प बसतं. आईबाबांना वाटतं, अभ्यासातलं लक्ष उडालं. बहुतेक वेळा तसं नसतं. त्याला प्रश्न पडतो, पण तो विचारायचा कसा तेच कळत नाही. माझ्या मते खरं नुकसान इथे होतं, आणि छोट्या वर्गाचा खरा उपयोगही इथेच आहे.

आधी असे वर्ग कसे असतात ते बघू. तीन नमुने सांगतो.

पहिला आपल्या पुण्यातला. १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली, डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिथे शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. वेगवेगळ्या शाळांतली मुलं एक आठवडा संस्थेत यायची आणि एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर छोटा प्रकल्प करायची. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. मूल आणि मार्गदर्शक मिळून काय शोधायचं ते ठरवणार.

दुसरा नमुना केंद्र सरकारचा. २००८ साली सुरू झालेल्या ‘इन्स्पायर’ योजनेत अकरावी विज्ञानाच्या मुलांसाठी पाच दिवसांची शिबिरं होती. दहावीला आपापल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांना बोलवायचं आणि शास्त्रज्ञांशी त्यांची थेट गाठ घालून द्यायची, अशी ती कल्पना.

तिसरा परदेशातला. ऑक्सफर्ड विद्यापीठानं २०१० साली ‘युनिक’ नावाचा उन्हाळी वर्ग सुरू केला. तो तिथल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी आहे. मुलं विद्यापीठात राहतात, व्याख्यानं ऐकतात, प्राध्यापकांसमोर बसून चर्चा करतात. फी नाही. हेतू असा, की ज्यांच्या घरात कुणी अशा विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही, त्यांना ती जागा परकी वाटू नये.

तीन देखावे वेगळे, पण आत एक गोष्ट सारखी आहे. मुलाला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हातात दिली जात नाही, प्रत्यक्ष काम करायला दिलं जातं. आपण म्हणतो ना, शितावरून भाताची परीक्षा. पण शीत त्याच भातातलं पाहिजे! दुकानातला मुरमुरा चावून घरचा भात शिजला की नाही ते कळणार नाही. वर्गात पाच दिवस नुसते खेळ, सेल्फी आणि प्रमाणपत्र असेल, तर विद्यापीठाची चव कळली असं म्हणता येत नाही.

आता इंग्रजीकडे येऊ. ‘पंधरा दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशा जाहिराती स्टेशनबाहेर तुम्ही रोज बघता. जरा हिशेब करू. भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेचा ढोबळ अंदाज आहे, की भाषेची एक पातळी ओलांडून पुढच्या पातळीवर जायला मार्गदर्शनाखाली साधारण २०० तास लागतात. पाच दिवसांचा वर्ग, रोज सहा तास धरले, तर होतात ३० तास. म्हणजे एका पायरीचा सहावा हिस्सासुद्धा धड नाही. तेव्हा ‘आठवडाभर जाऊन आला, आता इंग्रजी सुधारलं पाहिजे’ ही अपेक्षा सोडून द्या. ती पुरी होणार नाही, आणि पुरी न झाल्याचा दोष मुलाच्या माथी येईल.

मग ३० तासांत काय होतं? ते समजण्यासाठी एक जुनं काम सांगतो. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ सालचं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. आज ते मानखुर्दला आहे. त्याचे संस्थापक संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी भाषेच्या अडसराचा अभ्यास केला, १९८१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मुलं होती मराठी शाळांतली, पुस्तकंही मराठी. तरी अडसर भाषेचाच निघाला! विज्ञानाच्या पुस्तकातली मराठी आणि मुलांच्या तोंडची मराठी यांत मोठं अंतर होतं. तोच मजकूर सोप्या भाषेत लिहून दिल्यावर मुलांना तो अधिक कळू लागला.

याचा अर्थ काय? विज्ञानाची भाषा मराठीतही मुलाला नवीच असते. एक शब्द घ्या, ‘कार्य’. आपल्या घरी ‘कार्य आहे’ म्हटलं की लग्न किंवा मुंज. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. तासभर भिंत ढकलून तुम्ही घामाघूम झालात, पण भिंत हलली नाही, तर भिंतीवर केलेलं कार्य शून्य. इंग्रजीतल्या ‘वर्क’ची गत तीच. इंग्रज मुलालाही हा शब्द नव्यानंच शिकावा लागतो. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्रजी येत नाही’ म्हणतो, त्यातला बराच भाग ‘या विषयाची बोली अजून कानावर पडलेली नाही’ असा असतो. आणि एका विषयाची बोली ही संपूर्ण इंग्रजीपेक्षा पुष्कळ लहान असते. म्हणूनच ३० तास वाया जात नाहीत.

त्या तासांत तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली, शब्दांच्या जोड्या. परावर्तन म्हणजे रिफ्लेक्शन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट. कल्पना मुलाला दहावीतच कळलेली असते, फक्त तिचं दुसरं नाव माहीत करून घ्यायचं. रोज ३० जोड्या धरल्या तरी पाच दिवसांत १५० होतात. पण नुसती यादी पाठ करून ते साधत नाही. भिंग हातात घेऊन, काचेतून किरण वाकलेला बघत तो शब्द ऐकला, की तो राहतो.

दुसरी गोष्ट, कान. शाळेत बाई एक वाक्य इंग्रजीत वाचतात आणि मराठीत समजावतात. विद्यापीठात पाऊण तास कुणी थांबत नाही. पहिल्या दिवशी मुलाला निम्मंही कळत नाही, आणि त्याला वाटतं बाकी सगळ्यांना कळलंय. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात येतं, की प्रत्येक शब्द पकडायचा नसतो, वक्ता कुठून कुठे चाललाय ते पकडायचं असतं. टिपणंही तशीच. मराठीत घ्या, मिसळून घ्या, बाण काढा, आकृत्या काढा. वही तुमची आहे, ती कुणी तपासणार नाही.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी गोष्ट, प्रश्न विचारणं. नारळीकरांची एक सवय प्रसिद्ध होती. मुलं सही मागायला आली, की ते सही देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न पाठव, मी उत्तर लिहीन, त्याखाली माझी सही असेलच. सहीची किंमत काय, तर एक प्रश्न. विद्यापीठाचा सगळा व्यवहार याच नाण्यात चालतो. ज्याला प्रश्न विचारता येतो त्याचं इंग्रजी मोडकं असलं तरी समोरचा माणूस थांबून ऐकतो. त्यासाठी चार-पाच वाक्यं पुरतात. ‘हे पुन्हा सांगाल का?’ ‘या शब्दाचा अर्थ काय?’ ‘हे उदाहरण वेगळं असतं तर काय झालं असतं?’ ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ ही वाक्यं इंग्रजीत तोंडात बसवायला दोन दिवस लागतात. पण ती चारचौघांत पहिल्यांदा उच्चारायला धीर लागतो. गुणांची भीती नसलेल्या जागी तो धीर लवकर येतो, आणि एकदा आला की अकरावीच्या वर्गात मुलाबरोबर जातो.

आता पालकांसाठी थोडं व्यवहाराचं. असा वर्ग निवडताना काय बघाल?

एक, वर्ग कोण घेतंय? ‘अमुक विद्यापीठाचा वर्ग’ आणि ‘अमुक विद्यापीठात होणारा वर्ग’ यात फरक आहे. परदेशात सुट्टीत वसतिगृहं आणि खोल्या खासगी कंपन्यांना भाड्यानं मिळतात. इमारत नामांकित, पण शिकवणाऱ्यांचा त्या विद्यापीठाशी संबंध नसतोही. एका षष्ठी प्रत्ययावर लाखांचा फरक पडतो, म्हणून जाहिरात नीट वाचा.

दोन, मुलं किती आणि शिकवणारे किती? शंभर मुलं आणि एक माईक असेल, तर ते व्याख्यान झालं. ते घरी मोबाइलवरही ऐकता येतं.

तीन, शेवटी मूल काय करून दाखवणार? प्रकल्प, छोटा अहवाल, पाच मिनिटांचं बोलणं, यातलं काहीतरी हवं.

चार, प्रमाणपत्राचा उपयोग काय? अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, पुढे इंजिनिअरिंग-मेडिकलचा प्रवेशपरीक्षेवर. तिथे हे प्रमाणपत्र कामाला येत नाही. त्यासाठी कर्ज काढू नका, दागिने मोडू नका.

आणि वर्ग मिळालाच नाही तर? तरी बिघडत नाही. बदलापूरहून लोकलनं कुर्ला, तिथून हार्बरनं मानखुर्द. वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, १९८५ पासूनचं. संशोधन संस्था विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीच्या आगेमागे, आपली दारं लोकांना उघडतात. आधी चौकशी करून जा. आणि घरी पाच दिवसांचा वर्ग तुम्ही स्वतः करू शकता. चार-पाच मित्र जमवा. रोज दहावीच्या विज्ञानातला एक धडा घ्या, तोच धडा इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून वाचा. दोन्ही पुस्तकं बालभारतीची, मजकूर तोच, आकृत्या त्याच. शब्दांच्या जोड्या काढा. मग प्रत्येकानं उभं राहून तीन मिनिटं तो धडा इंग्रजीत सांगायचा, अडलं तिथे बेधडक मराठी वापरायची. बाकीच्यांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारायचा. हसायचं नाही, हा एकच नियम.

एक शेवटचा मुद्दा, थोडा नाजूक. चव घेतल्यावर मूल म्हणू शकतं, ‘मला हे आवडलं नाही.’ पाच दिवस प्रयोगशाळेत काढून त्याला कळेल, की आपला जीव इतिहासात आहे, हिशेबात आहे, किंवा हातानं यंत्र जुळवण्यात आहे. हेही त्या वर्गाचं यशच समजा. टक्के जास्त म्हणून विज्ञान घ्यायचं आणि दोन वर्षांनी मन मारून शाखा बदलायची, त्यापेक्षा पाच दिवसांतला ‘नाही’ फार स्वस्त पडतो. मात्र तो ‘नाही’ विषयाला आहे की इंग्रजीला, एवढं मुलाशी शांतपणे बोलून तपासा. इंग्रजीच्या भीतीनं आवडता विषय सोडणारी मुलं आपल्या गावातही आहेत, आणि ती भीती वर्षभरात विरते. सोडलेला विषय मात्र सहसा परत येत नाही.

तेव्हा मूल असल्या वर्गाहून परत आलं, की ‘इंग्रजी किती सुधारलं?’ असं विचारू नका. ‘आज तू काय विचारलंस?’ असं विचारा. पहिल्या दिवशी उत्तर येईल, ‘काही नाही.’ चौथ्या-पाचव्या दिवशी काहीतरी आलं, तर पैसे आणि सुट्टी दोन्ही कारणी लागले असं समजा.

मी इथे थांबतो. आता प्रश्न तुमचे, मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा, मिसळून विचारा. सुरुवात मुलांपासून करू.